शापूरजी सकलातवाला : मुंबईचा पारशी, लंडनच्या मजुरांचा खासदार

शापूरजी दोराबजी सकलातवाला (२८ मार्च १८७४ – १६ जानेवारी १९३६) हे मुंबईत जन्मलेले ब्रिटिश डावे नेते. लंडनच्या उत्तर बॅटरसी मतदारसंघातून ते दोन वेळा ब्रिटनच्या संसदेत निवडून गेले. पहिल्यांदा १९२२ साली लेबर पक्षाच्या तिकिटावर आणि दुसऱ्यांदा १९२४ साली उघडपणे कम्युनिस्ट उमेदवार म्हणून. दादाभाई नौरोजी (१८९२, लिबरल) आणि मंचरजी भावनगरी (१८९५, कॉन्झर्व्हेटिव्ह) यांच्यानंतर हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसलेले ते तिसरे भारतीय. तिघंही पारशी, तिघांचंही मुंबईशी नातं आणि तिघांचे पक्ष मात्र तीन वेगळे.

दादाभाईंचं नाव शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. सकलातवालांचं नाव विचारलं तर मास्तरही थोडे थांबतात. त्यांची ही ओळख आपल्या जुन्नर-आंबेगावच्या वाचकांसाठी. इथल्या घराघरातून कुणी ना कुणी मुंबईला गिरणीत, गोदीत, बाजारात हमालीला किंवा डबे पोचवायला गेलेलं आहे. सकलातवाला ज्या प्रश्नासाठी आयुष्यभर बोलत राहिले, तो अशाच माणसाच्या पगाराचा प्रश्न होता.

घराणं आणि बालपण

वडील दोराबजी कापसाचे व्यापारी. आई जेरबाई म्हणजे जमशेदजी टाटांची सख्खी बहीण. म्हणजे टाटा उद्योगाचे संस्थापक हे शापूरजींचे सख्खे मामा. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये झालं. पुढं मामाच्याच कंपनीत नोकरी. अशा घरातल्या मुलाचा रस्ता तसा ठरलेलाच असतो : पेढी, बंगला, क्लब आणि फार तर दानधर्म.

तो रस्ता बदलायला सुरुवात झाली प्लेगच्या साथीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लगेच पुण्यापर्यंत पोचला. पुण्यात त्या काळात सरकारी तपासणीच्या जाचातून जून १८९७ मध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते आपण इतिहासात शिकतो. मुंबईत त्याच वेळी डॉ. वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. तरुण शापूरजी त्यांच्या कामात मदतीला उतरले. चाळीचाळीत जाऊन लस टोचून घ्यायला लोकांना राजी करायचं, हे ते काम. गिरणी कामगार कसा राहतो, एका खोलीत किती माणसं झोपतात आणि साथ आधी कुणाच्या घरात शिरते, हे त्यांनी तेव्हा जवळून पाहिलं.

लोखंडाच्या शोधात बैलगाडीतून

जमशेदजींना हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढायचा होता. त्यासाठी लोखंड आणि कोळसा शोधायला माणसं बाहेर पडली, त्यात शापूरजीही होते. अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड आणि मामेभाऊ दोराबजी टाटा यांच्याबरोबर ते चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या जंगलात बैलगाडीतून फिरले. तिथं कारखान्यापुरता माल जमला नाही. शोध पुढं छत्तीसगड आणि ओडिशाकडं सरकला आणि शेवटी त्यातून जमशेदपूर उभं राहिलं.

या भटकंतीत त्यांना मलेरिया जडला. तब्येत ढासळली. औषधपाणी व्हावं आणि टाटांच्या मँचेस्टर ऑफिसचं कामही बघावं म्हणून १९०५ साली त्यांना विलायतेला पाठवण्यात आलं. ते कायमचे तिकडचेच झाले.

विलायतेत : क्लबातून मजुरांच्या सभेत

डर्बीशायरमधल्या मॅटलॉक इथं उपचार घेताना त्यांची ओळख साराह मार्श या तरुणीशी झाली. ती तिथं वेट्रेस होती. १४ ऑगस्ट १९०७ रोजी दोघांचं लग्न झालं. पुढं त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. टाटांचा भाचा एका वेट्रेसशी लग्न करतो, ही त्या काळात दोन्ही समाजांना न पचणारी गोष्ट होती.

सुरुवातीला ते लंडनच्या नॅशनल लिबरल क्लबात उठबस करत. पण लिबरल मंडळींची हिंदुस्थानबद्दलची सहानुभूती भाषणापुरती आहे, असं त्यांचं मत होत गेलं. १९०९ साली मँचेस्टरमध्ये ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत गेले. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर आणखी डावीकडं सरकले आणि १९२१ साली नव्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. टाटांची नोकरी मात्र १९२५ पर्यंत चालूच होती.

यातली विसंगती झाकायचं कारण नाही. त्याच वर्षांत, १९२१ पासून, आपल्याच पुणे जिल्ह्यात मुळशी खोऱ्यातले शेतकरी सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करत होते. ज्यांचं मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्या तालुक्याला धरणात घर जाणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मालकाचा पगार घेऊन मजुराची बाजू मांडणं, ही ओढाताण सकलातवालांच्या वाट्याला बरीच वर्षं होती. अखेर त्यांनी टाटांची नोकरी सोडली आणि पूर्णवेळ राजकारण केलं.

मुख्य विचार : स्वस्त मजूर कुणालाच परवडत नाही

सकलातवालांचं सगळं राजकारण एका साध्या हिशेबावर उभं आहे. तो हिशेब नीट समजून घेतला की बाकीचं आपोआप कळतं.

लँकेशायरमध्ये कापड गिरण्या होत्या, मुंबईतही होत्या. स्कॉटलंडच्या डंडीत तागाचे कारखाने होते, कलकत्त्यातही होते. मुंबईच्या कामगाराला कमी पगारात जास्त तास राबवता येत असेल, तर भांडवल मुंबईकडं वळणार. मग लँकेशायरच्या कामगाराला सांगितलं जाणार की तूही पगार कमी करून घे, नाहीतर गिरणी बंद. म्हणजे मुंबईतली गरिबी फिरून मँचेस्टरच्या चुलीपर्यंत पोचते. म्हणून ब्रिटिश कामगाराने हिंदुस्थानी कामगारावर दया म्हणून नव्हे, तर स्वतःच्या भाकरीसाठी त्याची युनियन उभी करायला मदत करावी, असं ते सांगत. साम्राज्य संपलं पाहिजे, हेही ते याच हिशेबातून मांडत.

या कामासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया ही संस्था लंडनमध्ये सुरू केली. १९२० साली मुंबईत आयटक ही देशव्यापी कामगार संघटना निघाली, तेव्हा तिची ब्रिटनमधली बाजू मांडण्याचं काम याच लीगने केलं.

बॅटरसी : कुणी निवडून दिलं?

बॅटरसी हा लंडनच्या दक्षिण भागातला, थेम्स नदीकाठचा कष्टकऱ्यांचा भाग. रेल्वेची यार्डं, कारखाने, दाटीवाटीची घरं. हिंदुस्थानी मतदार तिथं नगण्य होते. पण या भागाची एक परंपरा होती. १९१३ साली इथं जॉन आर्चर हे कृष्णवर्णीय गृहस्थ महापौर झाले होते. वडील बार्बाडोसचे, आई आयरिश. हेच आर्चर पुढं सकलातवालांच्या निवडणुकीचं काम बघू लागले.

निवडणुकांचा हिशेब असा :

– १९२२ : लेबर पक्षाचे उमेदवार. ११,३११ मतं मिळून विजयी. ते कम्युनिस्ट आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा दोन्हीकडं सभासद राहणं चालत असे.
– १९२३ : फक्त १८६ मतांनी पराभव.
– १९२४ : कम्युनिस्ट उमेदवार म्हणून १५,०९६ मतं, ५४२ मतांनी विजय. पुढची पाच वर्षं ते संसदेतले एकमेव कम्युनिस्ट खासदार होते.
– १९२९ : लेबर उमेदवाराकडून पराभव.

१९२४ चा विजय विशेष आहे. त्या निवडणुकीत रशियाचा बागुलबुवा दाखवून सगळ्या देशात लाल रंगाविरुद्ध वातावरण तापवलं होतं. लेबर पक्ष हरला. आणि त्याच वेळी बॅटरसीच्या गोऱ्या, ख्रिस्ती मजुरांनी एका सावळ्या, पारशी, परदेशात जन्मलेल्या कम्युनिस्टाला निवडून दिलं. त्यांनी त्याचा धर्म विचारला नाही असं नाही. विरोधकांनी तो प्रचारात आणलाच. पण घरभाडं, बेकारी आणि पगार यावर हा माणूस आपल्या बाजूने बोलतो, एवढं त्यांना पुरलं.

संसदेत आणि तुरुंगात

संसदेत ते लांब आणि जोरकस बोलत. हिंदुस्थान, आयर्लंड, बेकारी, घरं हे त्यांचे विषय. आयर्लंडच्या फाळणीवर बेतलेल्या तहाला विरोध करणाऱ्या मोजक्या खासदारांत ते होते. १९२७ साली सायमन कमिशन नेमलं गेलं, तेव्हा त्यालाही त्यांनी सभागृहात विरोध केला.

मे १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला. कोळसा खाणींच्या मालकांनी पगार कापले आणि तास वाढवले, म्हणून खाण कामगारांच्या पाठीशी इतर कामगार उभे राहिले. १ मे रोजी हाइड पार्कच्या सभेत सकलातवालांनी सैनिकांना आवाहन केलं की आपल्याच कामगार बांधवांवर गोळी झाडू नका. ४ मे रोजी त्यांना अटक झाली. कोर्टाने त्यांच्यापुढं चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाचा पर्याय ठेवला होता. तो त्यांनी नाकारला आणि दोन महिन्यांची कैद भोगली. खासदारकी कायम होती. सुटून आल्यावर ते पुन्हा सभागृहात हजर झाले.

त्याआधी १९२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संसदीय परिषदेसाठी ते अमेरिकेला जाणार होते. अमेरिकेने त्यांचा व्हिसाच रद्द केला.

१९२७ ची भारतभेट आणि गांधीजींशी वाद

जानेवारी १९२७ मध्ये ते मुंबईत उतरले. जवळजवळ तीन महिने देशभर फिरले, सभा घेतल्या, कामगारांना भेटले. मार्चमध्ये दिल्लीला आयटकच्या अधिवेशनात बोलले.

याच काळात त्यांनी महात्मा गांधींना खुलं पत्र लिहिलं. पत्रात त्यांना ‘कॉम्रेड’ म्हणून संबोधलं होतं. म्हणणं असं की, तुमच्या मागं एवढी जनता आहे, तर चरख्यापेक्षा मजूर आणि शेतकऱ्यांच्या युनियन उभ्या करा. लोक तुमच्या पाया पडतात, तुम्हाला महात्मा म्हणतात, हे थांबवा. त्याने माणूस ताठ उभा राहायला शिकत नाही. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त उत्तर दिलं. सकलातवालांची तळमळ खरी आहे हे त्यांनी मान्य केलं, पण मालक आणि मजूर यांनी एकमेकांचे विश्वस्त म्हणून वागावं ही आपली भूमिका सोडली नाही. खादीवरही ते ठाम राहिले. हा पत्रव्यवहार त्याच वर्षी लंडनमध्ये पुस्तिकेच्या रूपात छापला गेला.

वाद कडक होता, पण भाषा अदबीची होती. मुलांना वादविवाद शिकवायचा असेल तर हा नमुना समोर ठेवण्यासारखा आहे.

ते परत गेल्यावर, त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना हिंदुस्थानात यायला बंदी घातली. म्हणजे ज्या संसदेच्या नावाने हिंदुस्थानावर राज्य चालत होतं, तिच्याच सभासदाला स्वतःच्या जन्मभूमीत पाऊल ठेवता येईना. ही बंदी उठली नाही. मुंबई त्यांना पुन्हा दिसली नाही.

नवजोतचा प्रसंग

भारतातून परतल्यावर, जुलै १९२७ मध्ये त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये आपल्या पाचही मुलांची नवजोत केली. नवजोत म्हणजे पारशी मुलाला धर्मात दाखल करून घेण्याचा विधी. कम्युनिस्ट पक्ष संतापला. धर्म मानणं पक्षाच्या तत्त्वात बसत नव्हतं. पक्षाने त्यांच्यावर जाहीर ठपका ठेवला. सकलातवालांनी तो ऐकून घेतला. पक्ष सोडला नाही आणि केलेला विधीही नाकारला नाही.

आपल्या समाजातल्या तरुणांना राजकारणात पडताना दोन सल्ले नेहमी मिळतात. एक, आपली ओळख जरा झाकून ठेव म्हणजे सगळे स्वीकारतील. दुसरा, फक्त आपल्या कौमचंच बोल, बाकीच्यांचं बाकीचे बघतील. सकलातवालांनी दोन्ही मानले नाहीत. घरात ते पारशी राहिले. पण मत मागताना पारशांचे प्रतिनिधी म्हणून कधी उभे राहिले नाहीत, बॅटरसीच्या मजुरांचे म्हणून राहिले.

मेरठ खटला आणि शेवटची वर्षं

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा मोठा संप झाला आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. घाबरलेल्या सरकारने मार्च १९२९ मध्ये देशभर धरपकड करून मेरठ कटाचा खटला भरला. आरोपींत श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, जोगळेकर, घाटे होते, तसेच मुझफ्फर अहमद आणि शौकत उस्मानीही होते. तीन इंग्रजही होते. सकलातवालांनी ब्रिटनमध्ये या कैद्यांसाठी मोहीम चालवली. एक मजेची गोष्ट बघा : ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाने १९२९ च्या निवडणुकीत मेरठच्या तुरुंगात असलेल्या शौकत उस्मानींनाच सायमन कमिशनच्या सर जॉन सायमन यांच्याविरुद्ध यॉर्कशायरमधून उमेदवार केलं. निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता, पण कैदेतल्या माणसाचं नाव इंग्लंडच्या मतपत्रिकेवर छापलं गेलं.

त्याच निवडणुकीत सकलातवाला हरले. लेबर पक्षाने कम्युनिस्टांसाठी दारं बंद केली होती, आणि कम्युनिस्ट पक्षही लेबरला शत्रू मानू लागला होता. दोघांच्या भांडणात बॅटरसीची जुनी एकजूट फुटली. एकेकाळचे साथी जॉन आर्चर यावेळी लेबर उमेदवाराचं काम बघत होते. नंतर १९३० आणि १९३१ मध्येही सकलातवाला उभे राहिले, पण यश आलं नाही.

त्यांच्यावर एक टीका रास्त आहे. सोव्हिएत रशियाचं समर्थन त्यांनी अखेरपर्यंत केलं. १९३२-३३ च्या दुष्काळात तिथं लाखो शेतकरी उपासमारीने मेले. मध्य आशियात त्याच काळात मशिदी आणि मदरसे बंद केले जात होते. १९३४ साली ते स्वतः रशियाला जाऊन आले आणि तिथली प्रशंसाच करत परतले. साम्राज्याचा जुलूम ज्या डोळ्यांना लांबून दिसला, त्यांना हा जुलूम दिसला नाही.

१६ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. सरे परगण्यातल्या ब्रूकवूड दफनभूमीत, पारशी विभागात, त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. जमशेदजी टाटांची समाधीही तिथंच आहे. मामा आणि भाचा, एक भांडवलदार आणि एक कम्युनिस्ट, एकाच आवारात विसावले आहेत. त्याच वर्षी स्पेनमध्ये फॅसिस्टांविरुद्ध युद्ध पेटलं. तिथं लढायला गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीला सकलातवालांचं नाव देण्यात आलं होतं.

आपल्या तालुक्याशी धागा

आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्या ट्रकखाली ते शहीद झाले. वय जेमतेम बावीस. ते कापड मँचेस्टरच्या बाजारपेठेतलं. पंचवीस वर्षांपूर्वी सकलातवाला टाटांच्या कामासाठी त्याच मँचेस्टरला पोचले होते आणि तिथल्या विणकराला सांगत होते की मुंबईचा गिरणी कामगार तुझा शत्रू नाही.

दोघांची भेट झालेली नाही. एकाने कापड अडवलं, दुसऱ्याने कापड विणणाऱ्या दोन्हीकडच्या हातांना जोडायचा प्रयत्न केला. एक रस्त्यावर, दुसरा सभागृहात. पण दोघांचा विषय एकच होता : कापडाच्या या व्यवहारात पैसा कुणाच्या खिशात जातो आणि घाम कुणाचा गळतो.

आजही हा हिशेब जुना झालेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा मंचरच्या शेतकऱ्याचा भाव पडला आणि परदेशातल्या ग्राहकाला कांदा महाग झाला. मधल्या साखळीत कमावणारे कमावून गेले. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणारा बिहारी मजूर आणि मुंबईत मार्केटला पाटी उचलणारा आपला जुन्नरचा भाऊ, यांच्यात भांडण लावून देणारे आजही भेटतात.

बॅटरसी आता वॉन्ड्सवर्थ या मोठ्या विभागाचा भाग आहे. याच वॉन्ड्सवर्थमधल्या टूटिंगचे खासदार म्हणून बसचालकाचे चिरंजीव सादिक खान २००५ साली निवडून आले आणि २०१६ मध्ये लंडनचे महापौर झाले. त्या भागातल्या कष्टकऱ्यांनी बाहेरून आलेल्या माणसावर विश्वास टाकायची सवय शंभर वर्षांपूर्वीच लावून घेतली होती. ती सवय लावणाऱ्यांत मुंबईचा एक पारशी होता, एवढं आपल्या मुलांना दादाभाईंच्या धड्याबरोबर जरूर सांगावं.